आत बसणाऱ्याचा शब्द

गाडीच्या पुढच्या काचेतून पाणी गळायला लागलं की मालक जिथं बोट ठेवतो, ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते. पाणी आत शिरतं एकीकडून, रबराच्या मागून गुपचूप चालत जातं आणि टपकतं भलतीकडेच. माझी अर्धी उमर या पाण्याच्या मागावर गेली. उरलेली एका कंपनीत शिफ्टा करण्यात गेली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मला कंपनी आठवलीच नाही. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला होती ती पत्र्याची शेड आठवली, उस्ताद आठवले आणि सखाराम ड्रायव्हर आठवला. सखारामचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

मी मूळचा सुतार, लातूरकडच्या एका खेड्यातला. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीला कारखाने उभे राहतायत, तिथं दारं-खिडक्यांचं रग्गड काम आहे असं ऐकून बायको-मुलीला घेऊन इकडे आलो. काम होतं, पण माझ्याआधी येऊन बसलेले सुतारही रग्गड होते. जुन्या मोटारींच्या पत्र्याआड लाकडी सांगाडा असायचा. तो दुरुस्त करणारा माणूस इब्राहिमभाईंना हवा होता, म्हणून मी त्यांच्या शेडमध्ये शिरलो. सहा महिन्यांत लाकूड बाजूला राहिलं आणि मी काचेच्या कामाला लागलो. इब्राहिमभाई चिंचवडचेच, साठीच्या पुढचे. त्यांचे वडील टांगे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्यांनी मात्र मला कधी नावानं हाक मारली नाही, 'सुतार' एवढंच म्हणायचे.

आता चाकणच्या कंपन्यांत यंत्राचा हात येतो, काचेच्या कडेनं चिकट काळी रेघ ओढतो आणि काच चिकटवून मोकळा होतो. आमच्या वेळी काच रबरात बसायची आणि रबर लोखंडात. त्या रबरी पट्टीला दोन खाचा असत. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत गाडीच्या चौकटीची लोखंडी कड. आधी रबर काचेभोवती चढवायचं, मग मोकळ्या खाचेतून सुतळी फिरवून तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. रबराला साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून तळव्यानं काच दाबून धरायची, दुसऱ्यानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तसा रबराचा ओठ उलगडतो आणि लोखंडाच्या कडेवर चढून बसतो. ओढणाऱ्यानं जरा हिसका दिला की ओठ दुमडतो, किंवा काच कोपऱ्यात तडकते. तडकण्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण तो ऐकला की त्या दिवशी जेवण जात नाही.

म्हणजे पाण्याला आत यायला दोन वाटा. एक काच आणि रबर यांच्या मधून, दुसरी रबर आणि लोखंड यांच्या मधून. कुठल्या वाटेनं आलं ते नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी आमच्या शेडची एक रीत होती. काच बसली की आतल्या बाजूनं, रबराच्या कडेला आणि खाली डॅशबोर्डवर, शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची. पंक्चरवाले ट्यूबला लावतात तीच पांढरी पूड. तिच्यावर थेंब पडला की लगेच डाग उठतो. मग एकानं आत बसून दारं-खिडक्या बंद करून घ्यायच्या आणि दुसऱ्यानं बाहेरून झारीनं पाणी सोडायचं. तेसुद्धा खालून वर. आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कशाचाच पत्ता लागत नाही.

आत बसणाऱ्यानं दोनच शब्द बोलायचे. 'कोरडं' म्हटलं की झारी पुढे सरकणार. 'पुन्हा' म्हटलं की झारी तिथंच थांबणार आणि परत पाणी सोडणार. तिसरा शब्द बोलायचा नाही. आणि बाहेरच्यानं दार उघडून खात्री करायची नाही. मी नवीन असताना एकदा उस्ताद आत होते आणि मी 'खरंच कोरडं का?' म्हणत दाराला हात घातला. ते बाहेर आले आणि म्हणाले, "आतल्याच्या डोळ्यावर भरवसा नसेल, तर त्याला आत बसवायचं कशाला?" त्यानंतर मी कधी दाराला हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती पुढे महत्त्वाची ठरली. आत बसताना कपाळाला फडकं बांधायचं. बंद गाडीत माणूस घामानं निथळतो, आणि घामाचा थेंब पुडीवर पडला तर त्याचाही डाग पाण्यासारखाच दिसतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. पुण्याचे एक वकीलसाहेब तर महिनाभर आमच्या मागे लागले होते. गाडी रोज संध्याकाळी गळते म्हणायचे. आम्ही झाऱ्यांवर झाऱ्या ओतल्या, पूड पांढरीफेक. शेवटी उस्ताद त्यांच्याबरोबर गाडीत बसून कोर्टापर्यंत गेले, तेव्हा कळलं की साहेब ओली छत्री मिटून काचेला टेकवून ठेवतात. वकीलसाहेबांनी ते अखेरपर्यंत कबूल केलं नाही. छत्री गळत नाही, जरा पाझरते, एवढंच ते म्हणाले. उस्ताद पुढे कित्येक दिवस चहाचा कप सांडला की 'जरा पाझरला' म्हणायचे.

सखाराम आला तो ऐन उन्हाळ्यात, मृगाला दोन-तीन आठवडे असतील तेव्हा. तो निघोज्याचा. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याची आडत करणाऱ्या एका शेठकडे बारा वर्षं ड्रायव्हर. चाळिशीचा, खाकी कोट, डोक्याला पटका, बोलताना हात जोडल्यासारखे पुढे धरायची सवय. शेठची गाडी मोठी, काळी, परदेशी होती. तिची पुढची काच दोन फाकांची, मधे उभी पट्टी. डाव्या फाकेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी यायचं आणि नेमकं पुढे डावीकडे बसणाऱ्या शेठच्या मांडीवर टपकायचं. पाणी गंजाचं, म्हणून तांबूस. आदल्या पावसाळ्यात शेठ मुलीसाठी स्थळ बघायला गेले होते. गाडीतून उतरले तर पांढऱ्या धोतरावर नको त्या जागी तांबडा डाग. तिथली माणसं हसली. ते हसणं शेठच्या मनातून गेलं नव्हतं.

"उस्ताद, दोन ठिकानी दावून आलो," सखाराम सांगत होता. "दोघंबी म्हनलं गाडी कोरडी हाय, गळत न्हाई. आता शेठ म्हन्तोय, गाडी गळत न्हाई तर पानी तूच आनतूस. बादलीनं धुतूस, उघड्यावर लावतूस. म्या फडक्यानं पुसतो वो गाडी! बारा वर्सं हाकतोय. म्या खोटं कशापायी बोलू?"

"शेठ काय म्हणाले?" उस्तादांनी विचारलं.

"नवी काच, नवं रबर, समदं बसवून आन म्हनले. त्येच्या म्होरं येक थेंब जरी पडला, तर किल्ली ठेवायची आन् घरला जायाचं."

त्याच्याकडे शेत नव्हतं. गाडी चालवणं सोडून दुसरं काम येत नव्हतं. पण मला वाटतं त्याला नोकरीपेक्षाही 'खोटं बोलतोस' हा शब्द जास्त लागला होता. तीन वेळा तेच सांगितलं त्यानं.

काच आणि रबर शेठनं मुंबईहून मागवलं होतं. एकच नग होता. तो फुटला असता तर दुसरा यायला दिवाळी उजाडली असती. आम्ही जुनी काच काढली तेव्हा कोपऱ्यातली लोखंडी कड गंजून पापडासारखी झालेली दिसली. गळती खरी होती. आधीच्या दोघांनी वरून पाणी ओतून बघितलं असणार आणि हात झटकले असणार. सखारामनं ती गंजलेली कड पाहिली आणि एकदम खाली बसला. "बगा, म्या खोटं बोलत नव्हतो," एवढंच म्हणाला. उस्तादांनी दोन दिवस खपून ती कड घासली, कल्हईनं भरून काढली, रंगवली. तिसऱ्या दिवशी काच चढवायची होती.

इथं उस्तादांच्या हाताबद्दल सांगायला हवं. त्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे. मुंबईला त्यांचा मुलगा होता, तो या म्हणत होता. उस्ताद म्हणायचे, "माझा हात गेला की काच मला सांगेल. ज्या दिवशी एक बसवलेलं काम परत काढावं लागेल, त्या दिवशी अवजारं ठेवीन." ते हे सहज म्हणायचे, पण ते तसं करतील याबद्दल मला शंका नव्हती. वडील गेल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवणारा तोच एक माणूस होता. त्यांनी अवजारं ठेवू नयेत असं मला फार वाटायचं.

त्या दिवशी सुतळी त्यांनीच ओढली. मी बाहेरून काच दाबून धरली होती. डाव्या खालच्या कोपऱ्याशी त्यांचा हात थरथरला आणि सुतळीला हिसका बसला. काच तडकली नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग पूड भुरभुरली आणि मी आत बसलो. दुपारची वेळ, वर पत्रा तापलेला. काच शाबूत राहिल्याच्या आनंदात मी कपाळाला फडकं बांधायला विसरलो. उस्तादांनी झारी उचलली. सखाराम शेडच्या खांबाला टेकून बघत उभा होता.

"कोरडं," मी म्हटलं. झारी सरकली. "कोरडं." परत सरकली. तिसऱ्यांदा पाणी त्या कोपऱ्यावर आलं आणि पुडीवर एक डाग उठला. मुगाच्या दाण्याएवढा.

माझ्या भुवईवरून घाम ओघळत होता. घामाचाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. माहीत नसेल तर 'पुन्हा' म्हणायचं, त्यासाठीच तो शब्द होता. पण काचेपलीकडे उस्तादांचा चेहरा दिसत होता, झारीची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि तरी पाण्याची धार हलत होती. 'पुन्हा' म्हणायचं, डाग परत उठला तर काच काढायची, आणि मग त्यांनी अवजारं ठेवायची.

"कोरडं," मी म्हटलं.

झारी पुढे गेली. बाकी सगळं खरोखरच कोरडं होतं. बाहेर येण्याआधी मी त्या डागावरून बोट फिरवून तो पुसून टाकला. उस्तादांनी दार उघडून बघितलं नाही. सखारामनं माझे दोन्ही हात धरले आणि गाडी घेऊन गेला.

पाऊस सुरू झाला. पंधराएक दिवसांनी सखाराम चालत आला, मोशीपर्यंत कुणाच्या तरी ट्रकमधून आणि पुढे पायी. अंगात खाकी कोट नव्हता. बाकावर बसला, पाणी प्यायला. शेठ मुलीच्या साखरपुड्याला तळेगावला निघाले होते. महाळुंग्याच्या पुढं पावसाची सर आली आणि शेठच्या मांडीवर पुन्हा थेंब पडला. शेठनं गाडी तिथंच थांबवली, किल्ली काढून घेतली आणि सखारामला रस्त्यावर उतरवलं. मागच्या जीपमधून भाचा येत होता, त्याला गाडी चालवायला बसवलं.

सखाराम भांडायला आला नव्हता. त्यानं एकच गोष्ट विचारली. "उस्ताद, त्या दिशी कोरडं व्हतं न्हवं?"

उस्ताद माझ्याकडे वळले. "सुतार?"

मी नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि एकदा बोललेला शब्द मला गिळता येईना.

"कोरडं होतं," मी म्हटलं.

सखारामनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग माजंच कायतरी चुकलं आसंल. धुताना पानी गेलं आसंल येखांद्या टायमाला." उठला, पटका सारखा केला आणि गेला. शेठपुढे स्वतःचा शब्द धरून राहिलेला माणूस माझ्या एका शब्दावर स्वतःला खोटा ठरवून चालला होता. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो आणि त्याला हाक मारली नाही. याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडताच मी उस्तादांना सांगितलं.

"पुडीवर डाग होता?" त्यांनी विचारलं.

"होता."

"घामाचा की पाण्याचा?"

"माहीत नाही. फडकं बांधलं नव्हतं."

"मग 'पुन्हा' का नाही म्हणालास?"

माझी नजर त्यांच्या हातावर गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"माझ्यावर दया आली तुला," ते म्हणाले. "आणि त्याची किंमत त्या गरिबानं दिली." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुतळी, साबण, पुडीचा डबा आणि झारी पिशवीत भरली आणि आम्ही चाकणची गाडी धरली.

शेठच्या वाड्यापुढच्या आवारात गाडी उभी होती. उस्तादांनी शेठला सांगितलं, "चूक आमच्या शेडची आहे. काच परत बसवून देतो. तुमचा ड्रायव्हर पहिल्यापासून खरं बोलत होता." चूक कुणाची, हात कुणाचा, डोळा कुणाचा, यातलं काही त्यांनी फोडून सांगितलं नाही. 'आमची' एवढंच म्हणाले.

काच काढली तेव्हा कोपऱ्यात रबराचा ओठ आत दुमडलेला सापडला. नखाएवढाच. हिसका बसला होता तीच जागा. उस्ताद बराच वेळ त्या दुमडीवर अंगठा ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सुतार, सुतळी तू ओढ." त्यांनी बाहेरून काच दाबून धरली. दाबताना त्यांचा हात अजिबात हलत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी कोपऱ्याशी श्वास रोखून सुतळी ओढली. ओठ सरळ चढला.

तपासणीला उस्ताद स्वतः आत बसले. कपाळाला फडकं बांधून, गाठ दोनदा ओढून. मी झारी घेतली. त्या कोपऱ्यावर पाणी सोडलं तर आतून आवाज आला, "पुन्हा." परत सोडलं. "पुन्हा." सात वेळा त्यांनी तेच म्हटलं. त्या सातही वेळा पूड कोरडीच होती, हे त्यांनी मला परत येताना सांगितलं. तो शब्द कसा उच्चारायचा हे ते मला शिकवत होते.

शेवटी ते 'कोरडं' म्हणाले. शेठनं ताबडतोब दार उघडलं आणि स्वतः सगळीकडे बोट फिरवून बघितलं.

"बघा, तुमची गाडी आहे," उस्ताद उतरत म्हणाले. "पण शेठ, बारा वर्षं तुमची गाडी हाकणारा माणूस तुम्हाला एकच गोष्ट सांगत होता. दोन गॅरेजवाल्यांचा शब्द तुम्हाला त्याच्यापेक्षा मोठा वाटला. मग आमचा. आमचाच खोटा निघाला."

शेठ काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी बोटाची पूड धोतराला पुसली.  "बोलवा त्याला," म्हणाले. "म्हणावं, ये कामावर."

"निघोज्याला तू जा," उस्ताद मला म्हणाले. "मी येणार नाही. तुझं तू त्याला सांग."

पावसानं ओढ दिली होती, सखाराम दुसऱ्याच्या मोटेवर बैल हाकत होता. मला बघून आला. घरी घेऊन गेला. खुंटीला खाकी कोट लटकत होता, घडी मोडू नये म्हणून त्यावर धडपा टाकलेला. त्याच्या बायकोनं गूळ-पाणी आणून ठेवलं. रस्ताभर मी वाक्य जुळवत आलो होतो. त्या दिवशी मी डाग बघितला होता, तरी कोरडं म्हटलं. एवढंच सांगायचं होतं.

"शेठनं बोलावलंय," मी म्हटलं. "चूक सापडली. गाडी आता कोरडी आहे."

"काय व्हती चूक?"

"रबर," मी म्हटलं. "उन्हानं मागाहून आखडलं असणार. आम्ही बघितलं तेव्हा ठीक होतं."

त्यानं मान हलवली. "तुमी म्हनताय तर तसंच आसंल." माझ्यावर त्याचा विश्वास होता, ते मला सोसलं नाही. मी पेल्यात तोंड घातलं.

मग तो म्हणाला, "पन मिस्त्री, म्या न्हाई यायाचा. गाडी कोरडी झाली म्हून आता म्या खरा, व्हय? आन् पुढल्या साली परत गळली मंग? मंग परत खोटा? शेठला कोरडी गाडी पायजे. माजा शब्द त्येला नको हाय."

त्याची बायको चुलीपुढून बघत होती. तिला वाटत होतं त्यानं जावं. तरी तिनं त्याचा पटका उचलून त्याच्या हातात दिला. तो परत मोटेकडे गेला आणि मी चिंचवडला आलो.

"सांगितलंस?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

"येत नाही म्हणाला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आतल्या माणसाचा शब्द त्यांनी कधीच तपासून बघितला नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर त्यांनी म्हटल्याप्रमाणे अवजारं ठेवली आणि मुंबईला मुलाकडे गेले. शेड माझ्याकडे आली. म्हणजे जे टाळण्यासाठी मी खोटं बोललो होतो, ते चार-पाच महिन्यांतच झालं. तीन वर्षांनी मुलाचं पत्र आलं, उस्ताद गेले. त्या दिवशी मी झारी धुऊन पालथी घातली आणि काम केलं नाही. मी सखारामला सगळं सांगितलं आहे, असं समजूनच ते गेले असतील. की त्यांना माहीत होतं आणि मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होते, ते मला कळायचा मार्ग उरला नाही.

ते गेल्यावर वर्षभरात एक दुधाची मोटार शेडपुढे येऊन थांबली. पुढच्या काचेला दगड लागून जाळं झालं होतं. सखाराम उतरला. अंगात तोच कोट, केस पांढरे झालेले. मोट सुटली होती, तळेगावच्या एका दूधवाल्याकडे गाडी चालवत होता. त्यानं उस्तादांची चौकशी केली. ऐकून पटका काढला आणि हातात धरला.

दोन दिवसांत काच बसवली. त्या वेळी माझ्याबरोबर दुसरं कुणी कामाला नव्हतं. पुडीचा डबा मी हातात घेतला तर तो म्हणाला, "आत म्या बसतो. ठाव हाय मला कसं करायचं ते." कपाळावर पटका आवळला, आत गेला, दार ओढून घेतलं.

मी खालच्या कडेला पाणी सोडलं.

"कोरडं," तो म्हणाला.

झारी सरकवली. "कोरडं." मग डावा खालचा कोपरा आला. दुसरी गाडी, दुसरी काच, पण कोपरा तोच. माझा हात थांबला. काचेपलीकडे तो पुडीवर नजर लावून बसला होता, जसं बसायला हवं तसं.

"सखारामभाऊ," मी म्हटलं, "त्या दिवशी शेठच्या गाडीत पुडीवर डाग पडला होता. मी बघितला होता. बघून कोरडं म्हणालो. रबर नंतर आखडलं ते खोटं. तुम्ही आलात आणि विचारलंत तेव्हाही मी खोटंच बोललो. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्यानं वर पाहिलं.  काचेवरून पाणी ओघळत होतं, त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"पुन्हा," तो आतून म्हणाला.

पाणी पुन्हा म्हणाला की बोलणं पुन्हा, मला कळलं नाही. मी झारी खाली ठेवली, तोंड काचेजवळ नेलं आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. उस्तादांचा हात, माझं न बांधलेलं फडकं, मुगाएवढा डाग, तो पुसणारं माझं बोट. या खेपेला काही गाळलं नाही.

तो ऐकत होता. संपल्यावर त्यानं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, पुडीवर थेंब पडू नये म्हणून तोंड बाजूला वळवून. म्हणाला, "आयकलं. आता पानी सोडा."

मी त्या कोपऱ्यावर पाणी सोडलं. आत तो वाकून बघत होता. झारी रिकामी होत आली तरी त्यानं काही म्हटलं नाही, आणि मी धार हलू दिली नाही.

"कोरडं," सखाराम म्हणाला.

मी दार उघडून बघितलं नाही.